राणी, रांग आणि पितृपक्ष

कृष्णाकाठची | १० सप्टेंबर २०२२

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, पण आज विचारायचंच आहे.

परवा गुरुवारी दुपारी साडेबाराला राजवाड्याचं निवेदन आलं, की ब्रिटनच्या एलिझाबेथ राणीच्या प्रकृतीबद्दल डॉक्टरांना काळजी वाटते. ऑफिसातल्या माझ्या शेजारणीने ते वाचलं आणि म्हणाली, "संपलं." मी म्हटलं, अगं, नुसती काळजी वाटतेय ना. तर म्हणे, ते लोक कधी एवढंही बोलत नाहीत. थोड्याच वेळात टीव्हीवरचे निवेदक काळ्या टायमध्ये दिसायला लागले आणि साडेसहाला ती गेल्याची बातमी आली. दोनच दिवस आधी, ६ तारखेला, बाईंनी बाल्मोरलला लिझ ट्रस यांना पंतप्रधानपदावर नेमलं होतं. तो फोटो बघितला असेल तुम्ही. हातात काठी, अंगावर करडा स्वेटर आणि हाताच्या पंजावर काळानिळा डाग. कारकिर्दीतली पंधरावी पंतप्रधान. पहिले होते चर्चिल.

आता मुद्दा. अनंत चतुर्दशी कालच झाली, पण इथे लंडनला शुक्रवारी सुट्टी कोण देणार? म्हणून आमच्या मंडळाचं विसर्जन उद्या रविवारी. पितृपक्ष लागल्यावर बाप्पा जाणार, ही ज्येष्ठांची कुरकुर दरवर्षीचीच. यंदा त्यात राष्ट्रीय दुखवटा. ढोल-ताशा पथकाची मुलं दोन महिने सराव करतायत, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर गुरुवार रात्रीपासून दोन तट पडलेत. एक गट म्हणतो, ज्या देशाचं मीठ खातो तिथल्या दुःखाचा मान राखा, ढोल नको. दुसरा म्हणतो, आपला बाप्पा कुणाच्या राणीसाठी मुका का जावा?

मला स्वतःला काय वाटतंय ते मला नीट कळत नाहीये. वाईट वाटलं, हे खरं. का वाटलं, ते सांगता येईना. तुम्हाला काही वाटलं का?

---

टिळकरोडवाला | १० सप्टेंबर

काही वाटलं नाही. जेवण नेहमीसारखंच गेलं.

पुणेकराला विचारताय म्हणून सांगतो. हिच्या पणजीच्या आईच्या, म्हणजे व्हिक्टोरियाच्या, राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाची रात्र होती. २२ जून १८९७. शहरात प्लेग, घरात शिरून झडत्या, आणि गणेशखिंडीत गव्हर्नरच्या बंगल्यावर रोषणाई, मेजवानी. तिथून परतताना रँडचं काय झालं ते शाळेत सगळ्यांनी वाचलंय. दामोदर चापेकरांनी त्याआधी मुंबईतल्या राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं होतं. आमच्याकडे राणीचे उत्सव असे साजरे होतात.

ढोल वाजवा. दणकून.

---

मायबापसरकार | १० सप्टेंबर

@टिळकरोडवाला, पणजीची आई कशी? व्हिक्टोरिया, मग सातवा एडवर्ड, मग पाचवा जॉर्ज, मग सहावा जॉर्ज, मग ही. म्हणजे व्हिक्टोरिया हिच्या पणजोबांची आई. बॉम्ब टाकण्यापूर्वी वंशावळ तपासावी. हलके घ्या.

---

टिळकरोडवाला | १० सप्टेंबर

मान्य. डांबर मात्र तेच.

---

चष्मा_कुठे_ठेवला | १० सप्टेंबर

माझं वय ७२. ही आमच्या मुंबईत आली होती १९६१ साली. दिल्लीला २६ जानेवारीच्या संचलनाला पाहुणी म्हणून आली, मग देशभर फिरली, त्यात मुंबई. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची. शाळेने आम्हाला रस्त्याच्या कडेला उभं केलं, हातात कागदी झेंडे. ऊन मरणाचं. दोन-अडीच तासांनी गाड्या आल्या आणि मिनिटभरात गेल्या. मला दिसला तो फक्त एक पांढरा हातमोजा.

घरी आल्यावर वडील बोलले नाहीत माझ्याशी. बेचाळीसला ते येरवड्यात होते. आई म्हणाली, "बघून आली तर आली, लहान आहे." त्या वर्षी जुलैत पानशेत फुटलं आणि मग घरात दुसरं बोलणंच उरलं नाही.

परवा बातमी बघताना तोच हातमोजा आठवला. दुःख नाही म्हणता येणार. पण मी सून म्हणून आले, सासू झाले, आजी झाले, नाना गेले, आणि ही बाई आपली तिथेच, हात हलवत. आता ती नाही म्हटल्यावर उगाच घरात फिरून सगळ्यांची तब्येत विचारली.

---

कृष्णाकाठची | १० सप्टेंबर

आजी, "पांढरा हातमोजा" वाचून अंगावर काटा आला.

---

राजधानी_एक्स्प्रेस | १० सप्टेंबर

योगायोग बघा. ८ तारखेलाच संध्याकाळी इथे दिल्लीत राजपथाचं कर्तव्यपथ झालं. राजपथ म्हणजे मूळचा किंग्जवे, आणि तो किंग म्हणजे पाचवा जॉर्ज, हिचे आजोबा. ज्या छत्रीखाली त्यांचा पुतळा असायचा तिथे नेताजींच्या पुतळ्याचं अनावरण झालं. कार्यक्रम आटोपून लोक घरी पोचताहेत तोवर, आपल्या रात्री अकराच्या सुमारास, नातीची बातमी. कादंबरीत कुणी असं लिहिलं तर आपण म्हणू, कै च्या कै.

आणि त्याच सरकारने उद्या, ११ तारखेला, एक दिवसाचा राजकीय दुखवटा जाहीर केलाय. देशभर झेंडे अर्ध्यावर. मला यात विसंगती वाटत नाही. रस्त्याचं नाव हा आपल्या घरातला प्रश्न आणि दुखवटा हा शेजारधर्म.

---

पंचगंगा | ११ सप्टेंबर

कोल्हापूरकडून. राजाच्या शोकाबद्दल आम्हाला विचारा, इतरांनी वाट्टेल ते बोलू नये.

यंदा ६ मे रोजी शाहू महाराजांना जाऊन १०० वर्षं झाली. सकाळी दहाच्या ठोक्याला आख्खं कोल्हापूर १०० सेकंद जागेवर थांबलं. मी व्हीनस कॉर्नरला होतो. केएमटीची बस थांबली, रिक्षा थांबल्या, भाजीवाल्या मावशी टोपली डोक्यावरून उतरवून उभ्या राहिल्या. माझ्या पुढे स्कूटरवर एक पोरगं होतं कॉलेजचं, त्याने कानातले बोंडुक काढून खिशात ठेवले. कुणी पोलीस नाही, कुणी दंड नाही. महाराज गेले तेव्हा ते ४७ वर्षांचे होते, गादीवर उणीपुरी २८ वर्षं. त्या काळात त्यांनी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, वसतिगृहं काढली, राधानगरीचं धरण बांधायला घेतलं. शंभर वर्षांनी लोक थांबतात ते त्या कामासाठी.

सत्तर वर्षं गादीवर बसणं हे काही काम नव्हे भावा. सत्तर वर्षं बसून केलं काय, एवढं सांगा आणि मग मी रडतो.

---

मायबापसरकार | ११ सप्टेंबर

काही केलं नाही, हेच तर केलं. घटनात्मक राजपदात काही न करण्याचाच पगार असतो. सत्तर वर्षं दर आठवड्याला पंतप्रधानाला भेटायचं आणि आपलं मत बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही. आपल्याकडचा एक तरी माणूस दाखवा ज्याला सत्तर मिनिटं मत लपवता येतं. या धाग्यावरही नाही.

---

सियामी_मांजर | ११ सप्टेंबर

हा विषय निघाल्यावर राहवलं नाही. मी २०१४ ते २०१९ बँकॉकला होते, नवऱ्याच्या नोकरीमुळे. राजा भूमिबोल १३ ऑक्टोबर २०१६ ला गेले. तेही सत्तर वर्षं गादीवर, १९४६ पासून. दसरा होऊन दोनच दिवस झाले होते. आमच्या दाराचं झेंडूचं तोरण अजून ओलसर होतं.

सरकारने वर्षभराचा दुखवटा जाहीर केला. सरकारी नोकरांना वर्षभर काळे कपडे, आणि बाकीचेही बहुतेक काळ्यातच. सगळ्या वाहिन्या एकदम कृष्णधवल. आठवड्याभरात काळं कापड मिळेनासं झालं. पाहुराटच्या बाजारात, जिथे आपले पंजाबी व्यापारी आहेत, तिथे मी एका काळ्या सुती टॉपसाठी रांगेत उभी राहिले आणि माझ्या पुढच्या बाईने शेवटचा उचलला. मग लोकांनी युक्ती काढली. रस्त्यावर मोठमोठी पातेली चढवली, पाणी उकळवून त्यात काळा रंग. घरातले जुने शर्ट आणा, फुकट रंगवून देतो. वाफेत उभे राहून काठीने कपडे ढवळणारी ती मुलं मी विसरणार नाही. राजवाड्याकडे जाणाऱ्यांना मोटारसायकलवाले फुकट सोडत, भाताची पाकिटं फुकट. दर्शनाला वर्षभरात सव्वा कोटीच्या आसपास माणसं येऊन गेली.

हे सगळं खरं. आता दुसरी बाजू. त्या देशात राजाबद्दल वावगं बोललं तर कलम ११२, एका गुन्ह्याला तीन ते पंधरा वर्षं. सुरुवातीच्या दिवसांत रंगीत कपडे घातले म्हणून लोकांना हटकलं गेलं, शेवटी सरकारलाच सांगावं लागलं की प्रत्येकाकडे काळं असेलच असं नाही. माझी कामवाली, ईशान्य थायलंडातली, इसानकडची, खेड्यातली. तिच्या गावच्या पाण्याची योजना राजाच्या नावाची. ती हमसून हमसून रडत होती. आणि नवऱ्याच्या ऑफिसातला एक तरुण मुलगाही काळ्यातच होता, अगदी मोजेसुद्धा काळे, पण लिफ्टमध्ये एकटा सापडला तर नुसता भुवया उडवायचा. दोघांचा काळा रंग सारखाच. वरून काही कळत नसे. ज्याला 'नाही' म्हणायची मुभा नाही त्याच्या 'हो'ची किंमत कशी करायची, हा प्रश्न मी तिथून सोबत आणलाय. @पंचगंगा, तुमच्या कॉर्नरवर पोलीस नव्हता, हे तुम्ही सगळ्यात महत्त्वाचं सांगितलंत.

अवांतर: त्यांच्या अंत्यसंस्कारासाठी सनाम लुआंग मैदानावर पन्नासेक मीटर उंच चितागृह उभारलं होतं, मेरू पर्वताच्या रूपात. दहन झालं २६ ऑक्टोबर २०१७ ला, म्हणजे वर्षभराने. चारी बाजूंना देवदेवता, पौराणिक प्राणी, आणि थेट चितेच्या चौथऱ्याजवळ राजाच्या लाडक्या कुत्रीचा, थोंगडेंगचा, पुतळा. मला तर युधिष्ठिराचा कुत्राच आठवला. आणि शहरभर रस्त्याच्या कडेने झेंडू. राजाचा जन्म सोमवारचा, तिकडे सोमवारचा रंग पिवळा, म्हणून. दसऱ्याचं फूल असं दुखवट्यात बघायची सवय व्हायला मला फार वेळ लागला.

---

टिळकरोडवाला | ११ सप्टेंबर

@सियामी_मांजर, स्वतंत्र लेख पाडा यावर. वाचनखूण साठवली.

---

रेडिंगचा_रावसाहेब | १२ सप्टेंबर

ब्रिटनमध्येही 'नाही'ची मुभा किती आहे ते बघा की. काल एडिंबरात सेंट जाइल्स कॅथेड्रलच्या बाहेर राजेशाहीविरोधी फलक धरणाऱ्या एका मुलीला अटक झाली.

(भर, १३ सप्टेंबर) आता हे वाचा. लंडनला पार्लमेंट स्क्वेअरमध्ये एका वकिलाने नुसता कोरा कागद धरला, तरी पोलीस चौकशीला. कोरा! म्हणजे त्यावर काय लिहिलं जाऊ शकेल त्याचाच धसका.

---

राजधानी_एक्स्प्रेस | १३ सप्टेंबर

पण त्यावर तिथल्याच पेपरांनी, खासदारांनी ओरड केली. बँकॉकला ती ओरड झाली असती का? फरक एवढाच आहे, पण तो एवढासा नाही.

---

कृष्णाकाठची | १३ सप्टेंबर

विसर्जनाचं सांगायचं राहिलं. मतदान झालं. (हो, मराठी मंडळ आहे, मतदान झालंच. फेरमतदानही झालं.) शेवटी ठरलं, ढोल नाही, ताशा नाही, फक्त टाळ आणि लेझीम. पथकातली पोरं फुरंगटली. पार्कात नेहमीच्या मोठ्या टबात बाप्पा गेले. पंचवीस-तीस वर्षांत पहिल्यांदा मला "सुखकर्ता दुखहर्ता"चे शब्द शेवटपर्यंत ऐकू आले, नाहीतर आरती म्हणजे आपला कल्ला असतो.

गंमत पुढे. पार्काच्या कडेला राहणारे एक इंग्रज आजोबा दरवर्षी खुर्ची टाकून बघायला बसतात. ते येऊन विचारतात, "ड्रम कुठेत?" सांगितलं, राणीसाठी बंद ठेवले. तर म्हणाले, "अरे, तिला बँड फार आवडायचा." आणि चिडून खुर्ची मिटून घरी गेले. पथकाच्या पोरांनी तेवढ्यावरून मला जो काही लूक दिलाय!

---

पंचगंगा | १३ सप्टेंबर

हाण तिच्या मारी. आजोबा कोल्हापूरचे असणार.

---

अमृतसर_ते_अलिबाग | १४ सप्टेंबर

हसण्यात विषय जाऊ नये म्हणून. १९९७ मध्ये ही बाई जालियनवाला बागेत गेली, पुष्पचक्र वाहिलं, मान खाली घातली. माफी नाही. आणि नवरोबा तिथला फलक वाचून म्हणाले, दोन हजारांचा आकडा फुगवलेला दिसतो. १९५२ साली ती राणी झाली तेव्हा केनियात मुक्कामाला होती. त्याच वर्षी त्याच केनियात आणीबाणी लागली आणि पुढची काही वर्षं किकुयू लोकांना छावण्यांत कोंडून काय काय झालं, ते ब्रिटिश सरकारनेच २०१३ मध्ये नुकसानभरपाई देताना मान्य केलं. हुकूम तिने सोडले नसतील. पण शिक्का तिच्याच नावाचा होता.

मायबापसरकार म्हणतात, काही न करण्याचा पगार. मग न केल्याचा हिशेबही त्याच खात्यात लावा.

---

मायबापसरकार | १४ सप्टेंबर

हे मान्य. माझ्याकडे उत्तर नाही.

---

रेडिंगचा_रावसाहेब | १४ सप्टेंबर

माझं गाऱ्हाणं जरा क्षुद्र आहे. १९ तारखेला अंत्यविधी, म्हणून देशाला सुट्टी. त्या दिवशी माझ्या गुडघ्याची तारीख होती, अकरा महिने वाट बघून मिळालेली. काल फोन आला, रद्द, नवीन तारीख कळवू. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, माझ्यासारखे पुष्कळ आहेत. काही ठिकाणी गरिबांसाठीच्या फूड बँकासुद्धा त्या दिवशी बंद राहणार म्हणे. राणी स्वतः ९६ व्या वर्षी, मरणाच्या दोन दिवस आधी, कामावर हजर होती. तिच्या सन्मानार्थ आख्खा देश कामावर दांडी मारणार, याचं मला हसू येतंय आणि गुडघा दुखतोय.

---

चष्मा_कुठे_ठेवला | १४ सप्टेंबर

रावसाहेब, तोवर निर्गुडीचा शेक घ्या.

मी एक वाचलं ते फार आवडलं. राजवाड्याच्या बागेत मधमाश्यांच्या पेट्या आहेत. मधपाळाने प्रत्येक पेटीला काळी फीत बांधली, हलकेच टकटक केली आणि माश्यांना सांगितलं, की तुमची मालकीण गेली, आता नवा मालक आहे, तो तुमचं चांगलं करेल. जुनी रीत आहे म्हणे, सांगितलं नाही तर माश्या पेटी सोडून जातात. आमच्या आजोळी कर्ता पुरुष गेला की गोठ्यात जाऊन गुरांच्या पाठीवरून हात फिरवून सांगायचे. इंग्रज झाला तरी शेवटी शेतकऱ्याचाच पोर.

---

कृष्णाकाठची | १७ सप्टेंबर

मी रांगेत उभी राहून आले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १४ तारखेच्या संध्याकाळपासून शवपेटी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये दर्शनाला आहे, १९ च्या पहाटे साडेसहापर्यंत, दिवसरात्र. रांग थेम्सच्या दक्षिण काठाने. सदर्क पार्कपर्यंत दहा मैलांचा मार्ग आखलाय. शेपूट कुठे आहे ते यूट्यूबवर थेट दाखवतात. आपल्या लालबागला हे पाहिजे, असं मनात आल्याशिवाय राहिलं नाही. मनगटाला नंबरचा रंगीत कागदी पट्टा बांधतात, मग चहाला किंवा शौचालयाला जाऊन परत जागेवर येता येतं.

गुरुवारी रात्री दहाला बर्मंडसीच्या पुढे शेपूट सापडलं. पाठीवर छोटी पिशवी, थर्मासात चहा, डब्यात चार थालीपीठं. पुढे एक निवृत्त पोस्टमन, मागे लीड्सहून आलेली दोन बहिणींची जोडी. रात्री गारठा चांगलाच होता, मधूनमधून स्वयंसेवक पांघरुणं देत होते. पोस्टमनकाकांना थालीपीठ आवडलं, लोणचं झेपलं नाही. पहाटे दोनच्या पुढे कुणी राणीबद्दल बोलत नव्हतं. बहिणी त्यांच्या आईबद्दल बोलत होत्या, काका त्यांच्या बायकोबद्दल. (फुटबॉलपटू बेकहॅम माझ्या चार तास मागे होता, हे मला दुसऱ्या दिवशी बातम्यांत कळलं. तोही बारा-तेरा तास उभा राहिला, मधे घुसला नाही, हे इथे फार मोठं मानतात.)

आता जे सांगायला बसलेय ते.

रांग लंडन आयच्या पुढे, वेस्टमिन्स्टर पुलाखालून गेली की सेंट थॉमस हॉस्पिटलच्या बाहेरच्या भिंतीला लागते. ती कोविडची भिंत. अर्धा किलोमीटर लांब, सगळी लाल बदामांनी रंगवलेली, गेलेल्या प्रत्येक माणसाचा एक बदाम, आत हाताने लिहिलेली नावं. नदीपलीकडे बरोबर समोर पार्लमेंट. मी तेरा वर्षं या शहरात आहे आणि तिथे कधी गेले नव्हते. मुद्दाम गेले नव्हते.

माझे बाबा मे २०२१ मध्ये सांगलीला गेले. विमानं बंद. दादाने व्हिडिओ कॉल लावला, त्यात मला पीपीई घातलेली चार माणसं दिसली आणि मग फोन कुणाच्या तरी खिशात गेला, तर बराच वेळ नुसता काळोख आणि आवाज. त्याच्या दोन-तीन आठवडे आधी इथे प्रिन्स फिलिपचा अंत्यविधी झाला होता. तीसच माणसांना परवानगी. राणी चर्चमध्ये एकटी, काळा मास्क लावून, कोपऱ्यात बसली होती. तो फोटो मी तेव्हा नुसता बघितला होता. बाबा गेल्यावर तो फोटो पुन्हा शोधून काढला आणि बघत बसले. राणीलाही नियम पाळावा लागला, एवढंच काहीतरी त्यातून हवं होतं मला. तिच्या सरकारातले लोक त्याच दिवसांत पार्ट्या करत होते, हे नंतर कळलं.

शुक्रवारी सप्तमी. बाबांची तिथी. सकाळी साडेसातला, म्हणजे सांगलीच्या दुपारी बाराला, मी त्या भिंतीसमोर होते. घाटावर दादा पिंडदानाला बसला असणार, हे माहीत होतं. रांग तिथे अगदी सावकाश सरकत होती. पुढचे पोस्टमनकाका भिंतीकडे वळले, एका बदामावर दोन बोटं टेकवली आणि परत रांगेत आले. बायकोचा होता. मला आधी बोलले नव्हते. त्यांच्या खिशात मार्कर होता. मला विचारलं, हवाय का. मी बाबांचं नाव लिहिलं. देवनागरीत. एका रिकाम्या बदामात. इथे वारलेल्यांसाठीची भिंत आहे ती, मला माहीत आहे. बाबा इथे कधी आलेही नव्हते, व्हिसाला दोनदा नकार.

पुढे लँबेथ पूल ओलांडला, बागेत नागमोडी दोऱ्यांमधून तासभर, मग विमानतळासारखी तपासणी. उरलेलं एक थालीपीठ आणि थर्मासातला चहा तिथे टाकावा लागला. आत हॉलमध्ये एकदम शांत. अकराव्या शतकातली वास्तू, वर लाकडी छत. याच हॉलमध्ये १६४९ साली एका राजावर खटला चालवून त्याला मृत्युदंड सुनावला होता, हे मी रांगेतच फोनवर वाचलं होतं. पहाऱ्याचे सैनिक दर वीस मिनिटांनी बदलतात, काठीचा एक ठोका पडतो. शवपेटीवर मुकुट. शवपेटीसमोर जेमतेम पाच-सात सेकंद मिळाली. लोक मान लववत होते, कुणी क्रॉस करत होतं. माझे हात आपोआप जोडले गेले. बाहेर आले तेव्हा ऊन पडलं होतं.

आईला अजून सांगितलेलं नाही.

---

टिळकरोडवाला | १७ सप्टेंबर

ताई, मी वर जेवण गेलं वगैरे लिहिलं ते राहू दे तिथेच, काढत नाही. पण हे वाचून काही सुचेना.

---

पंचगंगा | १७ सप्टेंबर

सांगलीत कुठं? आयर्विन पुलाकडं का? माझे मामा तिथलेच. २०२१ च्या मे महिन्यात आमच्याही घरातून दोघं गेले. त्या पीपीईवाल्या पोरांची नावंही आम्हाला माहीत नाहीत. त्यांचं कुणीतरी लिहायला पाहिजे.

---

अमृतसर_ते_अलिबाग | १८ सप्टेंबर

वाचलं. तुमच्या बाबांना नमस्कार. तरीही एक विचारतो, राग मानू नका. ज्या देशाने बाबांना दोनदा व्हिसा नाकारला त्याच्या राणीसमोर हात जोडताना काही खटकलं नाही?

---

कृष्णाकाठची | १८ सप्टेंबर

खटकलं. तेव्हा नाही, ट्रेनमध्ये बसल्यावर. राग नाही मानला, मीही तोच प्रश्न विचारत होते स्वतःला. पण बारा तास उभं राहून पाय इतके सुजले होते की उत्तर येण्याआधी झोप लागली आणि माझं स्टेशन मागे गेलं.

---

चष्मा_कुठे_ठेवला | १९ सप्टेंबर

दिवसभर टीव्हीपुढे होते. तोफगाडा घोडे ओढत नाहीत, नौदलाचे १४२ खलाशी दोरांनी ओढतात. व्हिक्टोरियाच्या वेळी घोडे बिथरले होते, तेव्हापासूनची रीत. विंडसरला तिचे दोन्ही कॉर्गी कुत्रे दाराशी बसवून ठेवले होते, आणि तिची घोडी गवतावर उभी होती. शेवटी पेटीवरचा मुकुट, राजदंड आणि गोल उतरवून देवापुढे ठेवले, आणि दरबारातल्या त्या अधिकाऱ्याने स्वतःची काठी मोडून पेटीवर ठेवली. काठी मोडली तिथे मला रडू आलं. आमच्याकडे बांगड्या फोडत, त्याची आठवण झाली आणि मग रडण्याचा रागही आला.

सूनबाई म्हणाली, आज अविधवा नवमी आहे. मी म्हटलं, तिची नव्हे हो, तिचा फिलिप आधी गेला.

---

सियामी_मांजर | १९ सप्टेंबर

आजी __/\__

@कृष्णाकाठची, त्या भिंतीवरच्या बदामांची शाई फिकी पडते, स्वयंसेवक पुन्हा रंगवतात, असं वाचलंय. नाव पुसट झालं तर जाऊन परत लिहा. रांग नसताना.

---

पंचगंगा | २० सप्टेंबर

ताई, एक राहिलं. लंडनचे ते टॉवरमधले कावळे प्रसिद्ध आहेत ना, ज्यांच्यावर म्हणे राज्य टिकून आहे? तुम्ही तर समोरच्याच काठाने गेलात. सप्तमीला एखादा आला का नाही थालीपीठाला?

---

कृष्णाकाठची | २० सप्टेंबर

टॉवरच्या कावळ्यांची पिसं छाटतात हो, नदी ओलांडून कुठले येतायत. आणि थालीपीठ तर तपासणीच्या पिंपात गेलं.

सांगलीत मात्र शिवला. काल आईला सगळं सांगितलं, तेव्हा तिने सांगितलं. दादा पंधरा मिनिटं हाका मारून थकला होता. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, आठवून बघा. मग आई म्हणाली, "अहो, ती येईल पुढच्या वर्षी." तेवढ्यात आला.

डिसेंबरचं तिकीट काढलंय. रावसाहेब, गुडघ्याची तारीख कळली का?

---

रेडिंगचा_रावसाहेब | २० सप्टेंबर

नाही अजून. फोन केला की रांगेत ठेवतात. आत्ता चौदावा नंबर आहे.